आधी मध्य, मग टोकं : क्रॉलरच्या स्टिअरिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात या पानावर रॉक क्रॉलरच्या टायरांबद्दल लिहिलं होतं. आलेल्या पत्रांत टायरांबद्दल एकच निघालं, बाकी सगळी स्टिअरिंगची. क्रॉलर म्हणजे खऱ्या जीपच्या एक दशांश आकाराची रिमोटची गाडी. ती पळत नाही, दगडांवर चढते, तेही माणसाच्या चालीहून हळू. तिच्यात सगळ्यात जास्त मार खाते ती पुढची चाकं वळवणारी काडेपेटीएवढी डबी, म्हणजे सर्व्हो. गाडी ढकलण्याचं काम चारही चाकं वाटून घेतात, पण फटीत अडकलेलं चाक वळवायची वेळ आली की हा एकटाच असतो. तो नीट बसवायला पैसे लागत नाहीत, एक निवांत संध्याकाळ लागते. म्हणून या वेळचं अख्खं पान त्यालाच.

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सहा महिने पैसे साठवून २५ किलो जोराचा सर्व्हो घेतला. जुना काढून नवा बसवला. आता गाडी उजवीकडे पूर्ण वळते, पण डावीकडे अर्धीच वळून राहिली. सरळ चालवायची तर रिमोटवरची मध्य सरकवणारी ट्रिम पार टोकाला न्यावी लागते. उजवीकडे वळवलं की सर्व्होतून घूं घूं आवाज येतो. सर्व्हो खराब निघाला का? दुकानदार बदलून द्यायला तयार नाही.
— एक विद्यार्थी, त्रिमूर्तीनगर

उत्तर : सर्व्हो चांगला आहे, बाळा. दुकानदाराशी भांडू नकोस. तुझा हॉर्न, म्हणजे सर्व्होच्या दांड्यावर बसतो तो हात, चुकीच्या दातावर बसला आहे. नवा सर्व्हो लावलास आणि चाकं सरळ दिसतील तसा हॉर्न दाबून बसवलास, असंच झालं असणार. पण त्या वेळी सर्व्हो स्वतः मध्यावर होता की भलतीकडेच, हे त्याला वीज दिल्याशिवाय कळत नाही.

मी कोराडीच्या वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. तिथे कंट्रोल व्हॉल्व्हवर पोझिशनर असतो. ४ मिलिअँपिअर दिले की व्हॉल्व्ह बंद, २० दिले की पूर्ण उघडा, १२ दिले की बरोबर अर्धा. नवीन पोझिशनर चढवला की आमचे सिनिअर आधी १२ द्यायला लावायचे. व्हॉल्व्ह अर्ध्यावर आला की फीडबॅकचा दांडा स्टेमशी काटकोनात आहे का ते बघायचे. तो काटकोनात नसेल तर झिरो-स्पॅनच्या, म्हणजे दोन टोकं ठरवणाऱ्या, स्क्रूला हात लावू द्यायचे नाहीत. दांडा तिरका राहिला तर पुढे कितीही फिरवाफिरवी करा, एका बाजूची चाल आणि दुसऱ्या बाजूची चाल जुळत नाही. सर्व्होचंही अगदी तसंच आहे. त्याला ४ ते २० मिलिअँपिअरच्या जागी पल्स, म्हणजे विजेचा छोटासा ठोका, मिळतो : सुमारे १००० मायक्रोसेकंद हे एक टोक, २००० हे दुसरं आणि १५०० हा मध्य. आधी मध्य, मग टोकं. हा क्रम उलटा केला की तुझ्यासारखं पत्र लिहावं लागतं.

आता गाडीच्या पोटाखाली लाकडाचा ठोकळा ठेव, चारही चाकं अधांतरी राहू दे. मोटरच्या वायरी ईएससीपासून, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या डबीपासून, सोडव, म्हणजे चाकाजवळ हात असताना चुकून ट्रिगर दाबला गेला तरी बोट अडकणार नाही. हॉर्नचा स्क्रू काढ आणि हॉर्न उपसून घे. रिमोटवर ट्रिम शून्य, सबट्रिम, म्हणजे मध्याची बारीक दुरुस्ती, तीही शून्य. आधी रिमोट चालू कर, मग गाडी. सर्व्हो एक झटका देऊन थांबेल. तो जिथे थांबला तो त्याचा मध्य. यानंतर त्याचा दांडा हातानं फिरवायचा नाही.

मग हॉर्न ड्रॅग लिंकशी, म्हणजे सर्व्होपासून चाकाकडे जाणाऱ्या लांब दांड्याशी, काटकोनात धरून बसव. बरोबर काटकोन बहुधा मिळणार नाही. तुझ्या सर्व्होच्या दांड्यावर २५ दाते असतील, तर ३६० भागिले २५, एक दात १४.४ अंशांचा. सगळ्यात जवळचा दात पकडला तरी ७.२ अंशांपर्यंत चूक राहू शकते. तेवढी, आणि तेवढीच, सबट्रिमनं काढायची. तू काय केलंस, सगळी चूक ट्रिमच्या गळ्यात घातलीस. समज मध्य १५०० वरून १६०० वर सरकला. टोकं १००० आणि २००० वरच राहिली तर एका बाजूला ६०० उरले आणि दुसऱ्या बाजूला ४००. तुझं डावं वळण तिथे गेलं.

हॉर्न काटकोनात आला आणि तरी चाकं तिरकी दिसतात? आता रिमोटला हात लावू नकोस. ड्रॅग लिंकच्या टोकाची बॉल लिंक सोड आणि आट्यांवर फिरवून दांड्याची लांबी कमी-जास्त कर. अर्धा वेढा फिरव, लावून बघ, पुन्हा सोड, पुन्हा फिरव. बहुतेक जण ही पायरी टाळतात, कारण दर वेळी एक नट काढावा लागतो आणि रिमोटवर तर नुसतं बटण दाबायचं असतं. पण सगळं काम इथेच आहे. दोन्ही चाकं एकमेकांना समांतर आणायची ती टाय रॉडनं, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यानं. पट्टी घेऊन टायरांमधलं अंतर पुढून मोज, मागून मोज, दोन्ही सारखं आलं की झालं.

यानंतर टोकं. रिमोटवर एंड पॉइंट, म्हणजे चाक कुठवर वळू द्यायचं तो आकडा, डावीकडे-उजवीकडे दोन्ही ६० वर उतरव. एका बाजूला पूर्ण वळव आणि आकडा एकेक वाढवत ने. चाकाचा नकल, म्हणजे चाकाला धरून वळणारा सांधा, त्याच्या अडसराला जेमतेम टेकला की दोन-तीन आकडे मागे ये. मग दुसरी बाजू. दोन्हीकडे सारखा आकडा यायलाच हवा असं नाही. माझ्या गाडीत डावीकडे ८४ आहे आणि उजवीकडे ९१. पूर्ण वळलेल्या चाकाला हातानं गोल फिरवूनही बघ. आतला जॉइंट टक् टक् करत अडत असेल तर नकल टेकायची वाट बघू नकोस, तुझं टोक त्याच्या आधीच आलं आहे.

हे करताना दुसऱ्या हाताची दोन बोटं सर्व्होच्या डबीवर ठेव. डिजिटल सर्व्हो स्थिर उभा असतानाही रातकिड्यासारखी बारीक किरकिर करतो, तो दोष नाही. पण टोकाला गेल्यावर आवाज जाड झाला, बोटांना थरथर लागली, तर तो अडसराला ढकलत बसला आहे. जागेवर अडकलेली मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते आणि ती सगळी वीज आतल्या आत उष्णता होऊन जाते. तुझा उजवीकडचा घूं घूं तोच आहे. माझा पहिला सर्व्हो याच आवाजात गेला. वाडी रोडच्या बाजूच्या एका जुन्या खदानीत चाक दोन दगडांमध्ये अडकलं होतं आणि मी स्टिअरिंग दाबून धरलं. अर्ध्या मिनिटात जळक्या व्हार्निशचा वास आला. पॉवर हाऊसमध्ये तो वास इतक्यांदा घेतलेला, तरी त्या दिवशी बोट रिमोटवरून उठलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

सगळं जमलं की हॉर्नच्या स्क्रूला आट्या सैल होऊ न देणाऱ्या निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब दे आणि घट्ट कस. धातूत धातू बसत असेल तरच हं. प्लास्टिकला तो लागला की प्लास्टिक तडकतं.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. घरासमोर बांधकामासाठी टाकलेल्या गिट्टीच्या ढिगावर गाडी चालवतो. चढताना चाक अडकलं आणि त्यानं स्टिअरिंग फिरवलं की गाडी क्षणभर मरते, लाइट विझतात, मग आपोआप पुन्हा सुरू होते. एका दुकानात रिसीव्हर बदलून दिला, काही फरक नाही. आता नवीन ईएससी घ्या म्हणतात. अजून किती खर्च करायचा?
— एक आई, मानेवाडा

उत्तर : ताई, थांबा. ईएससी घेऊ नका. तुमच्या पत्रातल्या एका वाक्यात सगळं आलं आहे : 'चाक अडकलं आणि स्टिअरिंग फिरवलं की'. सपाट फरशीवर गाडी मरत नसणार. मुलाला विचारा, तो हो म्हणेल.

होतं असं की, गाडीच्या बॅटरीची वीज ईएससीतल्या एका छोट्या भागातून, बीईसीतून, ५ किंवा ६ व्होल्टवर उतरून रिसीव्हरला, म्हणजे रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या डबीला, आणि सर्व्होला जाते. अनेक ईएससींमध्ये हा भाग २-३ अँपिअर देऊ शकतो. जुन्या लहान सर्व्होला ते पुरायचे. पण मोठ्या ताकदीचा सर्व्हो अडकला की त्याहून जास्त मागतो. व्होल्टेज खाली बसतं, रिसीव्हर बंद पडतो. रिसीव्हर बंद म्हणजे सर्व्होनंही ओढणं सोडलं, की व्होल्टेज वर येतं आणि रिसीव्हर पुन्हा जागा होतो. उन्हाळ्यात घरात कूलर सुरू आहे आणि कुणी पाण्याची मोटर लावली की ट्यूबलाइट कशी मिणमिणते, तसंच हे. फक्त इथे मिणमिणतो तो गाडीचा मेंदू, म्हणून सगळंच थांबतं.

खात्री करून घ्यायची असेल तर घरातला साधा मल्टिमीटर पुरे. नसेल तर बर्डीच्या बाजारात मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये मिळून जाईल. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा. रिसीव्हरच्या रिकाम्या खणात बहुतेक वेळा मधली पिन धन आणि तिच्या शेजारची कडेची ऋण असते, त्यांच्यावर टोकं धरा. पुढचं चाक विटेला टेकवून मुलाला स्टिअरिंग फिरवायला सांगा. एक सेकंद, दोन सेकंद, जास्त नको. ६ वर उभा असलेला आकडा ५ च्या खाली घसरला आणि रिसीव्हरचा दिवा लुकलुकला, की चोर सापडला.

उपाय म्हणजे वेगळा बाहेरचा बीईसी, १० अँपिअरच्या आसपासचा. तो थेट बॅटरीच्या वायरींना जोडायचा आणि त्याची वीज फक्त सर्व्होला द्यायची. जोडणी करणाऱ्याला एवढं सांगा : सर्व्होची लाल वायर रिसीव्हरकडे जाणार नाही, ती बीईसीकडे जाईल. सिग्नलची वायर, पांढरी किंवा नारिंगी असते ती, रिसीव्हरला जाईल. आणि ऋण, काळी किंवा तपकिरी, दोन्हीकडे जोडलेली राहील. ही ऋण वायर रिसीव्हरशी जोडायची राहिली तर सर्व्होला सिग्नल नीट समजत नाही आणि तो वेड्यासारखा थरथरतो. रिसीव्हर आधीसारखाच ईएससीच्या विजेवर चालेल, आता त्याच्या ताटातलं कोणी ओढून नेणार नाही. बीईसी किती व्होल्टवर ठेवायचा ते सर्व्होच्या लेबलवर बघा. ६ व्होल्टच्या सर्व्होला ७.४ दिले तर दोन दिवस छान जोरात चालेल आणि तिसऱ्या दिवशी बंद पडेल.

आणि ताई, आणखी एक. मे महिन्यात गाडीची लिथियम बॅटरी उन्हात उभ्या कारमध्ये कधीच राहू देऊ नका. नागपूरचं ऊन बाहेर ४५ दाखवतं, बंद कारच्या आत ते कितीतरी जास्त असतं. ती बॅटरी फुगली तर आग लागू शकते. पोरांना हे आपणच पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

प्रश्न : माझ्या गाडीचा सर्व्हो चेसिसवर आहे. दगडावर पुढचा एक्सल वर उचलला गेला की स्टिअरिंगला हात न लावताही चाकं एका बाजूला वळतात. मित्राच्या गाडीत सर्व्हो एक्सलवरच आहे, त्याचं असं होत नाही. मीही तसाच करून घेऊ का?
— एक वाचक, कामठी

उत्तर : मित्राचा सर्व्हो एक्सलबरोबरच वरखाली होतो, त्यामुळे त्याच्याकडे हा प्रश्न उद्भवतच नाही. स्पर्धेच्या गाड्यांमध्ये म्हणूनच तसं करतात. पण तुमची मांडणी खऱ्या जीपसारखी आहे, दिसायलाही सुंदर, आणि ती बरोबर जमवता येते. ट्रॅक्सासच्या टीआरएक्स-४ मध्ये सर्व्हो चेसिसवरच असतो आणि ती गाडी दगडावर उत्तम वळते.

घरातला झोपाळा आठवा. त्याच्या कड्या सारख्या लांबीच्या आणि समांतर असतात, म्हणून झोका कितीही मोठा घेतला तरी पाट आडवाच राहतो. एका बाजूच्या कड्या आखूड करा, पाट दर झोक्याला तिरपा होईल. तुमच्या गाडीत तशा दोन कड्या आहेत. एक पॅनहार्ड बार, जो एक्सलला डावी-उजवीकडे सरकू देत नाही. दुसरी ड्रॅग लिंक. एक्सल वर गेला की दोघांची टोकं गोलाईत फिरतात. दोघं समांतर आणि जवळपास सारख्या लांबीचे असतील तर एकाच गोलाईत फिरतात आणि चाक सरळ राहतं. नसतील तर ड्रॅग लिंक एक्सलपेक्षा थोडी कमी किंवा जास्त सरकते आणि तेवढं चाक वळतं.

गाडी टेबलावर ठेवून समोरून, डोळा एक्सलच्या उंचीवर आणून बघा. दोन दांड्यांमधला कोन लगेच दिसेल. ज्या टोकाला तो फाकला असेल तिथे नकलवर किंवा पॅनहार्डच्या खिळीवर वॉशर घालून उंची जमवा. मग बंपर हातानं दाबत, सोडत टायरकडे बघत राहा. पहिल्या प्रश्नातली काटकोनाची सगळी जमवाजमव तुमच्याकडे गाडी ठोकळ्यावर नाही, जमिनीवर स्प्रिंगवर बसलेली असताना करायची. अधांतरी एक्सल लटकतो, आणि लटकलेल्या एक्सलवर सरळ केलेलं चाक जमिनीवर तिरकं होतं.

तुम्ही कामठीचे, म्हणून एक सांगावंसं वाटतं. आमच्या सेमिनरी हिल्सकडचा दगड काळा, बेसाल्टचा. पावसात त्याच्यावरून टायर घसरतो. तुमच्याकडचा वाळूचा दगड, ज्याच्यावरून भूगर्भशास्त्रात 'कामठी' हे नावच पडलं, तो खरखरीत. टायर त्याला धरून बसतो. चढायला मजा येते, पण उभ्या गाडीत चाक वळवायला सर्व्होला जास्त जोर लागतो. गाडी थोडी पुढे सरकत असतानाच वळवायची सवय करा.

प्रश्न : २५ किलोऐवजी ३५ किलोचा सर्व्हो घेतला तर फरक पडेल का? पुढच्या एक्सलवर पितळी वजनं लावली आहेत.
— एक वाचक, खामला

उत्तर : आधी हॉर्नची लांबी मोजा. २५ किलो म्हणजे दांड्याच्या मध्यापासून १ सेंटिमीटरवर २५ किलोचा जोर. हॉर्नचं भोक २ सेंटिमीटरवर असेल तर तिथे उरतात साडेबारा. लिंक दीड सेंटिमीटरवरच्या भोकात आणली तर पावणेसतरा होतात. एका भोकाच्या फरकात तिसऱ्या हिश्शाएवढा जोर वाढला, एक रुपया खर्च न करता. बदल्यात चाक थोडं कमी वळेल. तेवढं तुमच्या नकलच्या अडसरापर्यंत पुरतं का, ते बघायचं. पुरत असेल तर लांब हॉर्न हा फुकटचा तोटा आहे.

दुसरं, डबीवर छापलेला आकडा हा त्या सर्व्होला चालणाऱ्या सगळ्यात जास्त व्होल्टेजचा असतो. ७.४ किंवा ८.४ व्होल्टला ३५ असलेला सर्व्हो तुम्ही ईएससीच्या ६ व्होल्टवर लावलात तर ३५ मिळणारच नाहीत, आणि मानेवाड्याच्या ताईंसारखी गाडी मात्र मरायला लागेल. हॉर्न आणि वीज दोन्ही जमवून पुरलं नाही, तरच ३५ चा घ्या. पितळ लावलेल्या गाडीला तो शोभतो. प्लास्टिकचा हॉर्न असेल तर तो काढून ॲल्युमिनियमचा बसवा, कडेनं बोल्ट कसून दाते आवळता येतात तसा.

प्रश्न : नवीन घेतलेला हॉर्न सर्व्होवर बसतच नाही. हातोडीनं हलकेच ठोकू का?
— एक वाचक, जरीपटका

उत्तर : अजिबात नको. दाते मोजा. फुटाबा कंपनीच्या पद्धतीचे २५ असतात, हायटेकचे २४, जेआर-सान्वाचे २३. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. आणलेला हॉर्न दुसऱ्या पद्धतीचा असेल. ठोकलात तर दाते चेंगरतात, आणि आतल्या गिअरवर घाव बसतो तो वेगळाच. परत करा आणि सर्व्होचा नंबर सांगून जुळणारा आणा.

प्रश्न : पावसाळ्यात अंबाझरीकडे चिखलात गाडी चालवतो. सर्व्हो वॉटरप्रूफ आहे, तरी महिन्याभरात जड फिरायला लागला.
— एक वाचक, गोकुळपेठ

उत्तर : पाणी आत गेलं नसेल, माती बसली असेल. आपली काळी माती ओली असताना लोण्यासारखी सगळीकडे शिरते आणि वाळली की सिमेंट होते. ती हॉर्नखाली, नकलच्या बेअरिंगमध्ये आणि बॉल लिंकमध्ये बसते, आणि सर्व्हो तिच्याशी झगडत राहतो. हॉर्नवरून लिंक सोडा आणि चाकं हातानं डावी-उजवीकडे फिरवून बघा. हात जड लागला तर दोष सर्व्होचा नाही. नकल उघडा, बेअरिंग धुवा, बॉल लिंक पुसा. सर्व्हो मात्र जोराच्या पाण्याखाली धरू नका, ओल्या फडक्यानं पुसा. हॉर्न काढून त्याखालची माती जुन्या टूथब्रशनं काढा आणि दांड्याच्या मुळाशी ग्रीसचा एक ठिपका लावा. हॉर्न काढण्याआधी तो कुठल्या दातावर होता तिथे मार्करनं रेघ मारून ठेवा. परत बसवताना स्क्रूचं जुनं थ्रेडलॉक खरवडा, ग्रीसचा हात पुसा आणि नवा थेंब द्या.